स्मार्टफोनमधील माहितीसाठा व राखीव प्रती

दूरध्वनी, कॅमेरा, ध्वनिमुद्रक, नोंदवही व पैशांच्या देवघेवीचे साधन ही सर्व कामे करणाऱ्या, हातात मावणाऱ्या संगणकाला स्मार्टफोन म्हणतात. या उपकरणात निर्माण होणारी किंवा बाहेरून येणारी अंकीय माहिती वीजपुरवठा बंद असतानाही टिकवून धरणाऱ्या भागाला माहितीसाठा ही संज्ञा आहे. व्यवहारात स्टोरेज हाच शब्द रूढ आहे. मूळ माहिती नष्ट झाल्यास उपयोगी पडावी म्हणून तिची जी नक्कल अन्यत्र ठेवतात, तिला राखीव प्रत किंवा बॅकअप म्हणतात. हे दोन विषय सामान्यतः वेगळे मानले जातात. पहिला फोन विकत घेताना आठवतो आणि दुसरा तो हरवल्यावर. वस्तुतः माहिती कोणत्या प्रकारच्या साठ्यात आहे, यावरच ती कशी नष्ट होऊ शकेल आणि नष्ट झाल्यास परत मिळेल किंवा नाही, हे अवलंबून असते.

कागदावरील छायाचित्र ओलीने डागाळते, वाळवीने कुरतडले जाते, पण त्याचा काही भाग बहुधा शिल्लक राहतो. जुना दस्तऐवज फाटला, तरी सांधता येतो. अंकीय साठ्याचा ऱ्हास असा हळूहळू व डोळ्यांना दिसेल असा होत नाही. आदल्या दिवशी दहा हजार छायाचित्रे बिनचूक दाखविणारा फोन दुसऱ्या दिवशी एकही दाखवीत नाही, असे घडते. घरातील मृत व्यक्तीचा आवाज, मुलांची लहानपणची छायाचित्रे, शेकडो परिचितांचे दूरध्वनी क्रमांक यांची एकमेव प्रत अनेक कुटुंबांत आता अशाच एका उपकरणात असते.

कार्यस्मृती व स्थायी साठा : फोनच्या वेष्टनावर ‘८ जीबी + १२८ जीबी’ असे दोन आकडे छापलेले आढळतात. त्यांपैकी पहिला कार्यस्मृतीचा म्हणजे रॅमचा व दुसरा स्थायी साठ्याचा असतो. कार्यस्मृती ही चालू कामाची जागा होय. तिच्यात प्रत्येक द्विमान अंक म्हणजे बिट एका सूक्ष्म विद्युत् धारित्रातील भाराच्या रूपाने असतो. हा भार सतत गळत असल्याने तो दर सेकंदाला अनेक वेळा पुन्हा भरावा लागतो. वीजपुरवठा थांबताच ही स्मृती पुसली जाते. या प्रकारच्या स्मृतीचे एकस्व रॉबर्ट डेनार्ड यांना आयबीएम कंपनीत असताना १९६८ मध्ये मिळाले. रॅम अधिक असल्यास अनेक कामे एकाच वेळी सुरळीत चालतात. मात्र तिच्यामुळे एकही छायाचित्र अधिक ठेवता येत नाही. विक्रेत्यांच्या बोलण्यात ‘मेमरी’ हा एकच शब्द दोहोंसाठी येत असल्याने ग्राहकाची गल्लत होणे स्वाभाविक आहे.

फ्लॅश स्मृती : स्मार्टफोनमधील स्थायी साठा, मग तो आतील असो वा बाहेरून बसविलेल्या कार्डातील, फ्लॅश स्मृतीचाच असतो. तिचा मूलघटक म्हणजे एक विशिष्ट ट्रँझिस्टर. नेहमीच्या ट्रँझिस्टरमधील नियंत्रक द्वाराखाली यात दुसरे एक द्वार असते व ते चोहोबाजूंनी निरोधक थराने वेढलेले असते. कशालाही जोडलेले नसल्याने त्याला तरते द्वार म्हणतात. मोठा विद्युत् दाब दिला असता इलेक्ट्रॉन निरोधक थर पार करून या द्वारात शिरतात. अभिजात भौतिकीनुसार असे होणे शक्य नाही. पुंजयामिकीने मात्र ते स्पष्ट होते. प्रबळ विद्युत् क्षेत्रामुळे होणाऱ्या अशा उत्सर्जनाचा सिद्धांत राल्फ फाउलर व लोथार नॉर्डहाइम यांनी १९२८ मध्ये मांडला होता. एकदा आत अडकलेले इलेक्ट्रॉन वीजपुरवठा नसतानाही कित्येक वर्षे तेथेच राहतात. त्यांचे असणे वा नसणे यावरून ० किंवा १ हा अंक ओळखला जातो.

तरत्या द्वाराच्या ट्रँझिस्टरची कल्पना दवॉन काहंग व सायमन झी यांनी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९६७ मध्ये मांडली. तिच्या आधारे तोशिबा कंपनीतील जपानी अभियंते फुजिओ मासुओका यांनी १९८४ मध्ये फ्लॅश स्मृती जाहीर केली. तीमधील मोठा भाग एका फटक्यात पुसता येत असल्याने मासुओका यांचे सहकारी शोजी आरिइझुमी यांना कॅमेऱ्याच्या फ्लॅशची आठवण झाली व त्यावरून हे नाव पडले. १९८७ मध्ये मासुओका यांच्याच गटाने नँड हा तिचा दाट रचनेचा प्रकार पुढे आणला. आजचे फोन, कार्डे व पेन ड्राइव्ह यांत मुख्यतः हाच प्रकार वापरतात. पुढे एका पातळीवर अधिक कोशिका बसविणे अवघड होऊ लागल्याने त्या मजल्यांप्रमाणे एकावर एक रचण्यात येऊ लागल्या. सॅमसंग कंपनीने २०१३ मध्ये २४ थरांची अशी स्मृती उत्पादनात आणली. २०२२ पर्यंत थरांची संख्या दोनशेच्या वर गेली होती. या बहुमजली रचनेत तरत्या द्वाराऐवजी बहुधा भार अडकवून ठेवणारा निरोधक थरच वापरतात.

फ्लॅश स्मृतीचे दोन स्वभावविशेष तिच्या वापरकर्त्याला माहीत असणे आवश्यक आहे. पहिला असा की, तिच्यात लिहिणे व पुसणे यांची मापे निरनिराळी आहेत. लिहिणे पृष्ठागणिक होते व एक पृष्ठ सामान्यतः ४ ते १६ किलोबाइटचे असते. पुसणे मात्र शेकडो पृष्ठांच्या संपूर्ण खंडाचेच करावे लागते. पाटीवरील एकच अक्षर बदलण्यासाठी सगळी पाटी पुसावी लागावी, तसा हा प्रकार आहे. यावर उपाय म्हणून स्मृतीसोबत एक नियंत्रक बसवलेला असतो. तो बदललेले पृष्ठ दुसऱ्या रिकाम्या जागी लिहितो, जुने रद्द झाल्याची नोंद ठेवतो आणि सवडीने रद्द पृष्ठांचे खंड मोकळे करतो. साठा काठोकाठ भरला की, या हालचालीला जागा उरत नाही व फोन मंदावतो. म्हणून काही भाग नेहमी मोकळा ठेवणे हिताचे ठरते.

दुसरा विशेष झिजेचा. प्रत्येक वेळी इलेक्ट्रॉन आतबाहेर करताना निरोधक थराची थोडी हानी होते. एका कोशिकेत एकच बिट ठेवल्यास ती सु. १ लक्ष वेळा लिहिता-पुसता येते. तीन बिट ठेवल्यास भाराच्या आठ पातळ्या ओळखाव्या लागतात व ही संख्या १,००० ते ३,००० च्या आसपास उतरते. चार बिट ठेवल्यास सोळा पातळ्या होतात व ती आणखी घटते. स्वस्त व मोठा साठा मिळतो, तो या सहनशक्तीची किंमत देऊनच. नियंत्रक सर्व खंडांवर झीज सारखी वाटून टाकीत असल्याने सामान्य वापरात फोनचा साठा फोनच्या आधी क्वचितच संपतो. तथापि, फ्लॅश स्मृती हे पिढ्यान्‌पिढ्या टिकणारे माध्यम नव्हे. जेडेक या मानक संस्थेच्या घरगुती वापराच्या संगणकी साठ्यासंबंधीच्या मानकात, झिजून मर्यादेला पोहोचलेल्या साठ्याने वीजपुरवठ्याविना ३०° से. तापमानास १ वर्ष माहिती टिकवावी, एवढीच अपेक्षा आहे. नवा साठा याहून पुष्कळ अधिक काळ टिकतो. उष्णतेने मात्र गळती वाढते. कपाटात वर्षानुवर्षे पडून असलेल्या पेन ड्राइव्हवर लग्नाची एकमेव चित्रफीत ठेवणे यामुळेच धोक्याचे असते.

अंतर्गत साठ्याचे प्रकार : स्मृती तीच, परंतु ती फोनच्या प्रक्रियकाला कशी जोडली आहे, यावरून अंतर्गत साठ्याचे प्रकार पडतात. स्वस्त फोनांत आढळणारा ईएमएमसी हा प्रकार १९९७ मधील मल्टिमीडिया कार्डाचा वंशज होय. त्यात आठ समांतर वाहिन्यांवरून माहिती जाते, परंतु एका वेळी एकाच दिशेने. २०१५ मधील त्याच्या ५.१ या आवृत्तीच्या जोडणीची कमाल गती सेकंदाला ४०० मेगाबाइट आहे. यूएफएस या प्रकाराचे पहिले मानक २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. यात लिहिणे व वाचणे एकाच वेळी चालू शकते, तसेच अनेक आज्ञा रांगेत लावून त्या सोयीच्या क्रमाने पार पाडता येतात. २०२२ मधील त्याच्या चौथ्या आवृत्तीत प्रत्येक वाहिनीची गती सेकंदाला २३.२ गिगॅबिट असून अशा दोन वाहिन्या असतात. ॲपल कंपनीने २०१५ पासून आपल्या आयफोनमध्ये संगणकांसाठी तयार झालेल्या एनव्हीएमई या पद्धतीवर आधारलेली जोडणी वापरली आहे. वेगातील हा फरक ॲप उघडताना व मोठ्या चित्रफिती साठविताना जाणवतो. माहितीच्या सुरक्षिततेशी त्याचा फारसा संबंध नाही.

सुरक्षिततेच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. अंतर्गत साठा फोनच्या मुख्य मंडलपट्टावर डाख देऊन कायमचा बसविलेला असतो. संगणकातील तबकडी जशी काढून दुसऱ्या संगणकाला जोडता येते, तसा तो काढता येत नाही.

मेमरी कार्ड : सॅनडिस्क, मात्सुशिता (पॅनासॉनिक) व तोशिबा या कंपन्यांनी १९९९ मध्ये एसडी कार्ड प्रचारात आणले. त्याची १५ × ११ × १ मिमी. मापाची मायक्रोएसडी ही लहान आवृत्ती २००५ मध्ये प्रमाणित झाली. ३२ गिगॅबाइटपर्यंतच्या कार्डांना एसडीएचसी, तेथून २ टेराबाइटपर्यंतच्यांना एसडीएक्ससी व त्यापुढे १२८ टेराबाइटपर्यंतच्यांना एसडीयूसी असे म्हणतात. एसडीएचसी कार्डावरील फॅट-३२ या मांडणीत ४ गिगॅबाइटपेक्षा मोठी एकसंध फाइल मावत नाही. लांबलचक कार्यक्रमाची चित्रफीत अशा कार्डावर उतरत नाही, ती याच कारणाने.

आयफोनमध्ये २००७ मधील पहिल्या आवृत्तीपासून कार्डाची खाच कधीच नव्हती. अँड्रॉइड प्रणालीच्या अनेक महागड्या फोनांतूनही ती पुढे नाहीशी झाली. स्वस्त फोनांत ती अजून आढळते. कार्डाचा मोठा गुण हा की, फोन फुटला किंवा पेटला नाही असा बंद पडला, तरी कार्ड काढून दुसरीकडे वाचता येते. परंतु २०१५ मधील अँड्रॉइडच्या सहाव्या आवृत्तीपासून कार्ड अंतर्गत साठ्यात सामील करून घेण्याची सोय झाली. तसे केल्यास कार्ड त्या एका फोनशी कूटबद्ध रीतीने बांधले जाते व इतरत्र निरुपयोगी ठरते. म्हणजे जागा वाढते आणि मूळ गुण जातो. बाजारातील खोटी कार्डे हा आणखी एक त्रास आहे. यांतील नियंत्रक प्रत्यक्षाहून मोठी क्षमता सांगतो. खरी जागा संपल्यावर लिहिलेल्या फायलींची नावे यादीत दिसत राहतात, आत मात्र काहीच नसते. नवे कार्ड एकदा पूर्ण भरून व सर्व फायली परत उघडून पाहणे हीच याची खात्रीची परीक्षा होय.

सिम कार्डातही अल्प साठा असतो व त्यात सामान्यतः सु. २५० नावे व क्रमांक मावतात. पूर्वी क्रमांक जपण्याचे ते मुख्य ठिकाण होते. देवनागरीतील अक्षरे रोमन अक्षरांपेक्षा अधिक जागा घेत असल्याने सिमवरील लांब मराठी नावे अर्धवट तुटतात. छायाचित्र, पत्ता वगैरे तपशीलही सिमवर राहत नाही. फोनमधील क्रमांकांपैकी कोणते सिमवर, कोणते फोनमध्ये व कोणते ईमेल खात्यात जतन झाले आहेत, हे बहुतेकांना फोन बदलतानाच प्रथम कळते.

क्षमतेचा हिशेब : उत्पादक १ गिगॅबाइट म्हणजे १०० कोटी बाइट असे मोजतात. काही संगणक प्रणाली मात्र १,०७,३७,४१,८२४ बाइटांचे माप वापरून त्यालाही तेच नाव देतात. त्यामुळे १२८ गिगॅबाइटचा साठा तेथे सु. ११९ दिसतो. यात लबाडी नसते, मापे दोन असतात. शिवाय मूळ प्रणालीसाठी काही गिगॅबाइट आधीच खर्ची पडलेले असतात. एका छायाचित्राला सामान्यतः २ ते ५ मेगाबाइट लागतात. चित्रफितीची भूक फार मोठी असते. ४के या सूक्ष्म दर्शनाच्या एका मिनिटाला अलीकडील दाबून बसविण्याच्या पद्धतीनेही सु. १७० मेगाबाइट लागतात. म्हणून जागा संपल्यावर छायाचित्रे निवडून पुसण्यापेक्षा चार-पाच मोठ्या चित्रफिती संगणकावर हलविणे बहुधा अधिक फलदायी ठरते.

कूटबद्धता व माहितीचा नाश : फोन चोरणाऱ्याला आतील मजकूर वाचता येऊ नये म्हणून साठ्यातील सर्व माहिती कूटबद्ध करून ठेवतात. आयफोनमध्ये २०१४ च्या आठव्या आवृत्तीपासून वापरकर्त्याचे बहुतेक साहित्य त्याच्या परवलीच्या अंकांशी बांधले गेले. अँड्रॉइडमध्ये २०१९ च्या दहाव्या आवृत्तीपासून नव्या सर्व फोनांना कूटबद्धता सक्तीची झाली. कूट सोडविण्याची किल्ली परवलीचे अंक आणि त्या विशिष्ट फोनमधील एक गुप्त संख्या, अशा दोहोंपासून बनते. ही संख्या फोनच्या बाहेर येऊ शकत नाही.

या व्यवस्थेचा दुसरा परिणाम क्वचितच सांगितला जातो. पूर्वीच्या साध्या फोनातील स्मृतीची चकती कुशल कारागीर काढून वाचू शके. आता ती सुखरूप काढली, तरी तिच्यात अर्थहीन अंकांवाचून काही मिळत नाही. पाण्यात पडलेल्या फोनातून माहिती परत मिळवायची, तर तोच प्रक्रियक व तीच स्मृती पुन्हा जिवंत करावी लागते आणि परवलीचे अंकही ठाऊक असावे लागतात. चोराविरुद्ध उभारलेली भिंत मालकालाही अडविते. फोनमधील माहितीची राखीव प्रत ही पूर्वी सावधगिरीची गोष्ट होती. सांधलेला आणि कूटबद्ध साठा आल्यापासून ती उपकरणाच्या रचनेतूनच उद्‌भवणारी गरज झाली आहे. भिजलेला फोन तांदळाच्या डब्यात ठेवण्याचा घरगुती उपायही उपयोगाचा नाही. तांदळाचे बारीक कण आत जाऊन हानी करू शकतात, अशी सूचना ॲपलने २०२४ मध्ये दिली होती.

चोरीस गेलेल्या फोनाचा आयएमईआय क्रमांक बंद करण्याची सोय भारत सरकारच्या दूरसंचार विभागाने ‘संचार साथी’ या संकेतस्थळाद्वारे २०२३ मध्ये देशभर उपलब्ध केली. त्यामुळे फोन चोराच्या कामाचा राहत नाही. परंतु आतील मजकूर त्यामुळे परत येत नाही.

समक्रमण व राखीव प्रत : दूरच्या सर्व्हरवर महाजालाद्वारे माहिती ठेवण्याच्या सेवेला क्लाउड म्हणतात. फोनमधील व सर्व्हरवरील मजकूर सदैव एकसारखा राखणे म्हणजे समक्रमण किंवा सिंक होय. हीच राखीव प्रत, असा समज सर्वत्र आढळतो. पण समक्रमणाचे काम जपणे हे नसून जुळविणे हे आहे. एका बाजूला छायाचित्र पुसले की, ते दुसऱ्या बाजूलाही पुसले जाते. गूगल फोटोजमध्ये साठवून झालेले चित्र पुसल्यास ते ६० दिवस व आयक्लाउडमध्ये सामान्यतः ३० दिवस कचरापेटीत राहते. त्यानंतर ते कायमचे जाते. फोनमधील जागा मोकळी करण्याची स्वतंत्र आज्ञा असते व तिने केवळ फोनमधील प्रत निघते. ही आज्ञा आणि साधे पुसणे यांतील भेद न कळल्याने अनेकांनी आपल्याच हाताने दोन्ही प्रती घालविल्या आहेत. याउलट, जागा वाचविण्याची सोय चालू असलेल्या आयफोनमध्ये पूर्ण आकाराची चित्रे सर्व्हरवर व फोनमध्ये केवळ लहान रूपे असू शकतात. असा फोन तारेने संगणकाला जोडून केलेली नक्कल पूर्ण असेलच, असे नाही.

क्लाउडवरच सर्व भिस्त ठेवण्याचा धोका ऑक्टोबर २००९ मध्ये अमेरिकेत प्रत्ययास आला. टी-मोबाइल कंपनी विकत असलेल्या साइडकिक या फोनातील दूरध्वनी क्रमांक, दिनदर्शिका व छायाचित्रे डेंजर या कंपनीच्या सर्व्हरवर राहत. ही कंपनी मायक्रोसॉफ्टने २००८ मध्ये विकत घेतली होती. फोनमध्ये असे ती केवळ कार्यस्मृतीतील तात्पुरती नक्कल. सर्व्हरची व्यवस्था कोलमडली आणि ग्राहकांना इशारा देण्यात आला की, फोन बंद करू नका, बॅटरी काढू नका, ती उतरू देऊ नका. वीज गेली की, शेवटची नक्कलही पुसली जाणार होती. पुढे बहुतेक माहिती परत मिळविण्यात यश आले, परंतु त्या काही दिवसांत लक्षावधी लोकांची खासगी कागदपत्रे अक्षरशः बॅटरीच्या उरलेल्या भारावर टिकून होती. मार्च २०२१ मध्ये फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे ओव्हीएच कंपनीचे एक सर्व्हरगृह आगीत भस्मसात झाले, तेव्हा ज्यांची राखीव प्रतही त्याच आवारात होती, त्यांपैकी काहींची माहिती कायमची गेली.

सेवेच्या अटीही बदलतात. गूगल फोटोजने २०१५ मध्ये थोड्या कमी दर्जाच्या छायाचित्रांसाठी अमर्याद जागा मोफत दिली होती. १ जून २०२१ पासून ती सवलत संपली व ईमेलसह सर्वांसाठी मिळून १५ गिगॅबाइटची मर्यादा लागू झाली. आयक्लाउडवर मोफत जागा ५ गिगॅबाइट आहे. मर्यादा भरताच नवी छायाचित्रे वर जाणे थांबते. सूचना येते, पण ती जाहिरात समजून बाजूला सारली जाते व दोन-तीन वर्षांचे साहित्य फोनमध्येच अडकून राहते. दोन वर्षे न वापरलेली व्यक्तिगत खाती पुसण्याचे धोरणही गूगलने डिसेंबर २०२३ पासून अमलात आणले.

राखीव प्रतीच्या पद्धती : तीन प्रती, दोन निरनिराळ्या माध्यमांवर आणि त्यांपैकी एक दुसऱ्या ठिकाणी, असा ‘३-२-१’ नियम प्रचलित आहे, अमेरिकन छायाचित्रकार पीटर क्रोघ यांच्यामुळे तो लोकप्रिय झाला. सामान्य कुटुंबात फोन, घरातील बाह्य हार्ड डिस्क आणि क्लाउड यांनी तो पाळला जातो. हार्ड डिस्कऐवजी परगावच्या नातलगाकडे ठेवलेली दुसरी डिस्कही चालते. निवडक छायाचित्रे कागदावर छापून घेणे, ही जुनी वाटणारी पद्धतही दुसऱ्या माध्यमात मोडते व तिला परवलीचा शब्द लागत नाही.

तारेने नक्कल करणे वेगाचे व खात्रीचे असते. अनेक फोनांची जोडणी यूएसबी २.० या मानकाची, म्हणजे सेकंदाला कमाल ४८० मेगाबिटची असते. प्रत्यक्षात सेकंदाला ३५ मेगाबाइट मिळाले, तरी ६४ गिगॅबाइट अर्ध्या तासात उतरतात. तेवढेच साहित्य सेकंदाला १० मेगाबिट गतीने क्लाउडवर चढवायला चौदा तासांहून अधिक वेळ लागतो. म्हणून पहिली मोठी नक्कल तारेने व नंतरची रोजची भर क्लाउडवर, ही विभागणी सोयीची ठरते. आयफोनची प्रत संगणकावर घेताना कूटबद्धतेचा पर्याय निवडल्यास जतन केलेले परवलीचे शब्द व आरोग्यविषयक नोंदीही तीत येतात. न निवडल्यास त्या वगळल्या जातात.

फोनची स्वयंचलित प्रत म्हणजे फोनमधील सर्व काही, असे मात्र नव्हे. अँड्रॉइडच्या २०१५ पासूनच्या व्यवस्थेत प्रत्येक ॲपमागे २५ मेगाबाइटपर्यंतच माहिती आपोआप घेतली जाते व ॲपच्या कर्त्याने मनाई केल्यास तेवढीही नाही. व्हॉट्सॲपची प्रत स्वतंत्रपणे चालू करावी लागते. हे ॲप अँड्रॉइड फोनमध्ये रोज पहाटे दोन वाजता आपली एक नक्कल त्याच फोनमध्ये करते. ॲप बिघडल्यास ती उपयोगी पडते; फोन गेला की, तीही जाते. २०२१ पासून क्लाउडवरील प्रतीला स्वतंत्र कूटशब्द लावण्याची सोय झाली आहे. तो विसरल्यास ती प्रत सेवा देणाऱ्या कंपनीलाही उघडता येत नाही. बँका व ईमेल यांसाठी सांकेतिक अंक निर्माण करणारी ॲप्स हेही असेच स्वतंत्र प्रकरण आहे. गूगलच्या अशा ॲपमध्ये खात्याशी समक्रमणाची सोय एप्रिल २०२३ मध्ये आली.

सर्वच गोष्टी सारख्याच जपाव्या लागत नाहीत. ॲप्स पुन्हा उतरविता येतात. गाणी व चित्रपट बहुधा पुन्हा मिळतात. वाहन परवाना, परीक्षेची गुणपत्रिका यांसारखे दस्तऐवज मूळ कार्यालयाकडे असतात व भारतात २०१५ मध्ये सुरू झालेल्या डिजिलॉकरमधून त्यांपैकी अनेक पुन्हा मिळविता येतात. ज्यांची दुसरी प्रत जगात कोठेही नाही, असे साहित्य प्रत्यक्षात थोडे असते : स्वतः घेतलेली छायाचित्रे व ध्वनिमुद्रणे, स्वतः लिहिलेला मजकूर, क्रमांकांची यादी, काही पत्रव्यवहार. राखीव प्रतीचा आरंभ येथून करणे इष्ट. मराठीत लेखन करणाऱ्यांना आणखी एक काळजी घ्यावी लागते. युनिकोडपूर्व अक्षरसंचांत टंकलिखित केलेल्या जुन्या फायली नुसत्या जपून भागत नाही. तो अक्षरसंच नसलेल्या फोनवर त्या उघडल्यास वाचता न येणारी चिन्हे दिसतात. अशा फायली युनिकोडमध्ये रूपांतरित करून किंवा निदान पीडीएफ स्वरूपात, अक्षरांसह, ठेवणे आवश्यक असते.

पडताळा व वारसा : प्रत घेतली जाते, पण ती उघडून कोणी पाहत नाही, असा सर्वसाधारण अनुभव आहे. वर्षातून एक-दोनदा राखीव प्रतीतील काही चित्रे व एखादी जुनी चित्रफीत दुसऱ्या उपकरणावर उघडून पाहणे, क्रमांकांच्या यादीतील मराठी नावे नीट उमटतात का ते तपासणे आणि शेवटची प्रत कोणत्या तारखेची आहे ते वाचणे, एवढ्याने बहुतेक दोष उघड होतात. खात्याचा परवलीचा शब्द कागदावर लिहून इतर महत्त्वाच्या कागदपत्रांसोबत घरात ठेवावा, हे मत पूर्वी त्याज्य मानले जाई. दूरवरच्या चोरापेक्षा स्वतःच्या विसराळूपणाचा धोका ज्यांना अधिक आहे, अशा वृद्धांच्या बाबतीत तरी ते सयुक्तिक वाटते.

मालकाच्या मृत्यूनंतर फोन व त्याची क्लाउडवरील प्रत, दोन्ही कुटुंबाला बंद होतात. आयुर्विमा व बँक खाते यांना जसा नामनिर्देशित असतो, तशी सोय या खात्यांनाही आहे. ठरावीक काळ खाते वापरात नसल्यास त्यातील निवडलेली माहिती नेमलेल्या व्यक्तींना कळविण्याची व्यवस्था गूगलने २०१३ मध्ये सुरू केली. ॲपलने डिसेंबर २०२१ मध्ये अशी वारस-व्यक्ती नेमण्याची सोय दिली. तिला नेमणुकीच्या वेळी मिळालेली किल्ली व मृत्यूचा दाखला सादर करावा लागतो. या नेमणुकीने छायाचित्रे, संदेश व राखीव प्रती वारसाला मिळतात. साठविलेले परवलीचे शब्द व विकत घेतलेली गाणी, चित्रपट आणि पुस्तके मिळत नाहीत.